बैलाला घातलेलं घावन

मला बैलाची भीती वाटते. थोडीथोडकी नव्हे. मोटरवेवरून जाताना लांबच्या कुरणात एखादं जनावर मान वर करून उभं दिसलं, तरी माझे पाय गाडीतल्या गाडीत आखडतात. नॉटिंगहॅममध्ये पंचवीस वर्षं काढली, हॉस्पिटलच्या फार्मसीत कॅन्सरची जहाल औषधं मापून देते, हात कधी थरथरला नाही. पण इथल्या लोकांना सुट्टीच्या दिवशी शेतांमधून भटकायची जी हौस आहे, तिच्यापुढे मी हात टेकले. पायवाट सरळ शेतातून जाते, गेटवर पाटी असते की आत वळू आहे, आणि ती पाटी वाचून ही माणसं गेट उघडून आत शिरतात! कामावरच्या मैत्रिणी मलाही बोलावतात. मी गुडघा दुखतो म्हणून सांगते. माझा गुडघा ठणठणीत आहे.

भीतीला कारण आहे. माझं माहेर सावंतवाडीच्या पुढे, गोव्याच्या हद्दीला टेकलेलं. आमच्या घरी झुंजीचा बैल असायचा. शेताची जोडी वेगळी, हा वेगळा. याच्या मानेवर कधी जू पडलं नाही. याला स्वतंत्र गोठा, कुळथाची पेज, अंडी, अंगाला तेल. इतर जनावरांपासून याला लांब ठेवायचं, म्हणजे मळ्यात समोर दुसरा बैल दिसला की अंगावर गेलाच पाहिजे. भातकापणी झाली की मोकळ्या मळ्यात झुंजी लागत. कधी टेम्पोत घालून बैलाला गोव्यात धिरयोला, म्हणजे तिथल्या पैजेच्या झुंजीला, नेत. आदल्या दिवशी बाबा फुटक्या बाटलीच्या काचेनं त्याची शिंगं तासत बसायचे, तेव्हा आई आम्हाला मागच्या दारानं बाहेर पिटाळायची.

मी नऊ वर्षांची असताना त्या बैलानं बाबांनाच भिंतीशी दाबलं. बाबा घाईत होते, रिकाम्या हातानं आत गेले. शिंग काखेतून आरपार. मी पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभी होते आणि मला ओरडतासुद्धा आलं नाही. बाबा वाचले, पण तो हात पुढे कधी खांद्याच्या वर गेला नाही. मला त्याहून जास्त हबकवलं ते पुढच्याच आठवड्यात. बँडेज बांधलेला माणूस तांदळाचं घावन हातात घेऊन पुन्हा त्याच गोठ्यात निघाला! मी रडून गोंधळ घातला, तर बाबांनी मलाच समजावलं, “चूक माझीच. खावक दिल्याशिवाय तेच्याकडे जाव नको.” आधी खायला घाल, मग जवळ जा. खाल्ल्या अन्नाला जनावर जागतं, अशी आमच्याकडे ठाम समजूत. दिवाळीच्या पाडव्याला तर गोठ्यातल्या सगळ्या गुरांना ओवाळून गरम घावन भरवायचं, माणसांची पानं त्यानंतर.

मी शिकले, परदेशी आले, बैलांपासून सात हजार किलोमीटर लांब. आणि माझ्या एकुलत्या एक लेकीनं पशुवैद्यक व्हायचं ठरवलं. मी म्हटलं, चला, मांजरं-कुत्री बरी. शहरात छान दवाखाना, उबदार खोली, टेबलावर झोपलेला ससा. चार वर्षं मी हेच चित्र उराशी धरून होते. शेवटच्या वर्षी बाईसाहेबांनी फोनवर जाहीर केलं की तिला मोठ्या जनावरांचंच काम करायचं आहे. डर्बीशरच्या डोंगरात गुरांच्या डॉक्टरांची एक प्रॅक्टिस आहे, तिथे जागा आहे. तिथल्याच एका म्हाताऱ्या शेतकऱ्याकडे ती तीन आठवडे काम शिकायला निघाली होती. हा शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या वळूच पाळतो, आणि त्याचा शब्द त्या प्रॅक्टिसमध्ये चालतो. त्यानं चांगलं लिहून दिलं तर नोकरी नक्की.

“कसले वळू?” मी विचारलं.

“लाँगहॉर्न. खूप गोड असतात, आई.”

ज्या जातीच्या नावातच शिंगं लांब आहेत ती गोड! नवरा म्हणाला, तिचं आयुष्य आहे, तू मध्ये पडू नकोस. मी मध्ये पडायचं ठरवलं. दिवाळी तिच्या शेवटच्या आठवड्यात येत होती. “मी नाही येऊ शकत गं, ही लास्ट वीक आहे माझी,” असं ती म्हणाल्यावर मी लगेच म्हटलं, मग पाडव्याला मीच येते फराळ घेऊन. फराळ हे निमित्त. तिला समोर बसवायचं, बाबांच्या हाताची गोष्ट तिला कधी पुरती सांगितली नव्हती ती सांगायची, आणि त्या डोंगरातून तिला काढून आणायचं, हा खरा बेत.

पाडव्याला सकाळी उठून मी घावनं घातली. वर तूप, आत गूळ-खोबरं. तूप माहेरचं. वहिनी ऑगस्टमध्ये आली तेव्हा बॅगेत, साड्यांच्या घडीत, कस्टमवाल्यांना दिसू नये म्हणून बरणी दडवून घेऊन आली होती. अशा वेळी आपण सगळेच शूर असतो.

शेतावर पोचले तेव्हा बारीक पाऊस होता. दगडी कुंपणं, चिखल, आणि एक लांबलचक पत्र्याची शेड. गेटवर तीन-चार पाट्या होत्या. कुत्रा बांधून ठेवा, गेट बंद करा, जनावरांना काही खायला घालू नका. पाट्या मी वाचल्या. पाटी ही दुसऱ्यांसाठी, फिरायला येणाऱ्या लोकांच्या पोरांसाठी असते, ही आपली जुनी समजूत. जंतुनाशकाच्या घमेल्यात बूट बुडवायला सांगितलं, तेवढे मी निमूट बुडवले.

शेतकरी सत्तरीच्या पुढचा, उंच, वाकलेला, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. त्यानं टोपीला हात लावला आणि दोन वाक्यं बोलला. एक हवेबद्दल, दुसरं माझ्या मुलीबद्दल: तिचा हात शांत आहे. मला ते कौतुक ऐकून बरं वाटायला हवं होतं. मला नाही वाटलं.

“ये, तुला दाखवते,” लेक म्हणाली आणि मला शेडमध्ये घेऊन गेली.

लोखंडी गजांचे मोठे मोठे कप्पे, प्रत्येकात एक वळू. वास तोच. देश बदलला तरी शेण, पेंढा आणि गरम श्वास यांचा वास बदलत नाही. थंडीत अंगाला घाम फुटला, कोटाच्या आत ब्लाउज पाठीला चिकटला. लेक मात्र भाजीबाजारातून चालावं तशी चालत होती. शेवटच्या कप्प्यापाशी थांबली.

तो टनभर वजनाचा असेल. तांबूस काळपट अंग, पाठीच्या कण्यावरून पांढरा पट्टा, नाकात पितळी कडं. शिंगं खाली वळून गालांपाशी आलेली. त्यानं डोकं हलवलं आणि एक शिंग गजावर आपटलं, तो आवाज मला थेट काखेत जाणवला.

“पुढच्या आठवड्यात हा स्कॉटलंडला जाणार, दुसऱ्या हर्डमध्ये,” लेक म्हणाली, आणि मी काही बोलायच्या आत कडी काढून आत गेली.

“बाहेर ये.”

“आई, जस्ट बघ. शांत आहे तो.”

“आधी बाहेर ये.”

ती त्याच्या शेपटीच्या मुळाशी खाजवत होती. बैलाचे डोळे अर्धे मिटले होते. मी गज धरले होते आणि माझी बोटं सुटत नव्हती. त्याच्या आणि मागच्या भिंतीच्या मधे माझी मुलगी उभी होती, हातभर जागेत. मला दुसरं काही दिसत नव्हतं. तो नुसता एक पाऊल बाजूला सरला असता तर? रागावायचीही गरज नव्हती. ती बाहेर आली तेव्हा मी तिच्या दंडाला इतकं घट्ट धरलं की ती कळवळली.

“असं करू नकोस गं,” मी म्हटलं. “एकदा माझं ऐक.”

“जेवताना बोलू,” ती म्हणाली. तेवढ्यात म्हाताऱ्यानं तिला हाक मारली. कुठल्याशा कालवडीच्या खुरात दगड गेला होता. “पाच मिनिटं. कशाला हात नको लावू, प्लीज.”

मी एकटी उरले. पिशवीत डबा होता. पळून गाडीत जाऊन बसावं असं फार वाटलं, पण त्या शेडमधून जाताना सगळ्या कप्प्यांसमोरून जावं लागलं असतं. म्हणून मी जिथल्या तिथे उभी राहिले, आणि तो माझ्याकडे बघत राहिला.

मग मी जे केलं ते विचार करून केलं असं म्हणता येणार नाही. पाडवा होता. आमच्या घरी त्या वेळेला गोठ्यात निरांजन फिरलेलं असतं. माझ्या पोरीनं त्याच्या अंगाला हात लावला होता, रोज लावत होती, आणि त्याच्या तोंडात आमच्या घरचा घास गेलेला नव्हता. मला ते असह्य झालं. डबा उघडला, एक घावन काढलं, चौघडी केली आणि गजांतून हात पुढे केला. करड्या रंगाची खरखरीत जीभ आली. घावन गेलं. मी दुसरं दिलं. माझा हात कोपरापर्यंत त्याच्या लाळेनं भिजला, पण मी तो मागे घेतला नाही. मग हात जोडले आणि मोठ्यानं म्हटलं, “माझ्या लेकीला सांभाळ.” मराठीत म्हटलं. त्याला तरी कुठली भाषा येत होती!

त्यानंतर मला खरोखर हलकं वाटलं. रुमालानं हात पुसला. शेडमधून मान वर करून चालत आले.

जेवायला म्हाताऱ्याच्या स्वैपाकघरात बसलो. त्यानं सूप केलं होतं, मी फराळ मांडला. चकली त्याला आवडली. भिंतीवर एका वळूचा जुना फोटो होता, गळ्यात रिबिन. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, हा शेवटच्या कप्प्यातल्याचा बाप का?

तो म्हणाला, नाही, पणजोबा. त्याच्या वेळचा सगळा कळप गेला. आणि मग त्या अबोल माणसानं सांगायला सुरुवात केली. लाळ्या-खुरकुताची साथ आली ते वर्ष. शेजारच्या शेतात रोग निघाला, म्हणून याच्या कळपालाही मारायचं ठरलं. याच्या एकाही जनावराला काही झालं नव्हतं. माणसं बंदुका घेऊन आली. गाई याच अंगणात एकेक करून पाडल्या. त्यांना शांत ठेवायला त्यांच्या ओळखीचं कुणीतरी लागतं, म्हणून हा प्रत्येकीच्या डोक्याशी उभा राहिला. नंतर रचून जाळलं. त्या फोटोतल्या वळूचं वीर्य एका बँकेत गोठवून ठेवलेलं होतं, त्यावरून त्यानं पुन्हा कळप उभा केला. आयुष्य त्यात गेलं.

आमच्याकडेही लाळ्या-खुरकूत यायचं. गुरांच्या खुरांना हळद नि तेल लावायचो, पंधरा दिवसांत बरीचशी उठायची. मी ते बोलणार होते.

“कशानं आलं होतं?” मी विचारलं.

“स्वैपाकघरातलं अन्न,” तो म्हणाला. कुठेतरी कुणीतरी डुकरांना माणसांचं उष्टं-खरकटं घातलं. परदेशातून आलेलं मांस-बिंस असावं त्यात. तेव्हापासून कायदाच आहे, घरातल्या स्वैपाकघरातून गेलेली कुठलीही गोष्ट जनावराला घालायची नाही. भाजीचं साल नाही, पावाचा तुकडा नाही. तो स्वतःच्या हातानं सोललेलं गाजरसुद्धा देत नाही.

मी हातातला चमचा खाली ठेवला.

स्वैपाकघरातून गेलेली कुठलीही गोष्ट. आणि माझं तर तूप. ज्या गावात तो रोग दर दोन वर्षांनी गोठ्यात येतो, तिथल्या दुधाचं तूप, साड्यांच्या घडीत लपवून आणलेलं. मी फार्मसिस्ट आहे. कढवलेल्या तुपात सहसा काही जगत नाही हे मला कळतं. आणि ‘सहसा’ या शब्दावर आमच्या धंद्यात काय काय घडतं, तेही कळतं. आतापर्यंतची भीती अंगाची होती, ही वेगळीच. त्या म्हाताऱ्याकडे बघवेना.

कुणी पाहिलं नव्हतं. गप्प बसले असते तर कुणालाच कळलं नसतं. बोलले, तर तो लेकीला आत्ताच्या आत्ता गेटबाहेर काढेल, त्या प्रॅक्टिसला कळेल, नोकरी जाईल. ती शहरात येईल. मांजरं, ससे. मी ज्यासाठी आले होते ते अगदी आयतं होईल, आणि वर मी खरं बोलल्याचं पुण्य! हे मनात आलं आणि क्षणभर मला बरं वाटलं. लिहायला लाज वाटते, पण वाटलं. मग लेकीकडे पाहिलं. ती खाली मान घालून पाव कुसकरत होती, खात नव्हती. आणि मला कळलं की मी ज्या भीतीपोटी हे सगळं करतेय, तिच्याहून मोठं नुकसान मी माझ्या हातानं करून बसले आहे.

“मी त्याला खायला घातलं,” मी म्हटलं. इंग्रजीत, त्याच्याकडे बघून. “शेवटच्या कप्प्यातल्याला. दोन घावनं. आमच्यात आज घालतात. माझ्या मुलीला यातलं काही माहीत नाही. आणि त्यावर तूप होतं. इंडियातून आणलेलं.”

म्हाताऱ्याचा चेहरा खडूसारखा पांढरा पडला. टेबलाला धरून उठायला गेला, तर खुर्ची मागे पडली. त्यानं मला मारलं असतं तर बरं झालं असतं. तो नुसता खिडकीतून अंगणाकडे बघत राहिला, आणि त्याला तिथे काय दिसत असेल ते मला आत्ताच कळलेलं होतं.

लेक उठली. तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्याला खुर्चीवर बसवलं, फोन घेतला, आणि मला प्रश्न विचारायला लागली. किती? किती वाजता? तूप कढवलेलं? घरचं का डेअरीचं? बरणी उरली आहे? मी जशी नवीन मुलींना हॉस्पिटलमध्ये विचारते तसं. मी उत्तरं दिली. तिनं आधी प्रॅक्टिसला आणि मग सरकारी पशुवैद्यांच्या कचेरीत फोन केला, आणि माझी चूक जशीच्या तशी, एक शब्द कमी-जास्त न करता सांगितली.

तिकडून उत्तर आलं की तूप कढवलेलं म्हणजे धोका अगदी थोडा. पण बैल वेगळा ठेवा, शेतावरून एकही जनावर हलवू नका, दोन आठवडे सकाळ-संध्याकाळ ताप बघा, तोंड बघा. आज काय आहे ते आजच बघून लिहून ठेवा.

म्हणजे त्याला कप्प्यातून काढून, अरुंद वाटेनं नेऊन तपासणीच्या लोखंडी पिंजऱ्यात अडकवायचं होतं. म्हातारा पिंजऱ्याच्या तोंडाशी उभा राहिला. लेक बैलाच्या मागून चालणार होती. तो पुढे गेला की मागचं गेट लोटायला तिसरं माणूस हवं होतं.

“आई, तुला जमेल?”

जमणार नव्हतं. “हो,” मी म्हटलं.

तो निघाला. मध्यावर येऊन थांबला. ती पिंजऱ्यात जायची त्याची नेहमीची वेळ नव्हती म्हणून, की म्हाताऱ्याची भीती त्याच्यापर्यंत पोचली होती, कोण जाणे. त्यानं मान खाली घातली आणि तो मागे सरकायला लागला. टनभर जनावर, मागे, आणि वाटेत माझी मुलगी. पुढे लोखंड, दोन्ही बाजूंना भिंत. मला दारात उभी असलेली, तांब्या धरलेली मी आठवले. या वेळी मात्र मी ओरडले. काय ओरडले ते मला माहीत नाही, बाबा बैलाला जो आवाज देत तसं काहीतरी छातीतून आलं. तो दचकून एक पाऊल पुढे गेला, तेवढ्यात लेक भिंतीतल्या माणसापुरत्या फटीतून आडवी होऊन बाहेर निसटली, आणि मी डोळे मिटून सगळं अंग टाकून गेट लोटलं. त्याचं ढुंगण गेटवर येऊन आदळलं. गेट माझ्या गालाला लागलं. कडी बसली.

लेकीच्या ओठांना रंग नव्हता. तिनं दोन श्वास घेतले, थर्मामीटर काढलं आणि कामाला लागली. मग त्याचं डोकं अडकवून त्याच्या तोंडात मनगटापर्यंत हात घातला, जीभ बाजूला ओढून धरली, हिरड्या बघितल्या. मला तिनं टॉर्च धरायला लावली. मी धरली. ज्या तोंडाला मी लाच दिली होती, त्यात माझ्याच चुकीपायी माझ्या पोरीचा हात होता.

“अडतीस पॉइंट पाच. तोंड क्लीन आहे,” ती म्हणाली.

त्यानंतर म्हातारा तिला म्हणाला, शुक्रवारी जाऊ नकोस. काय बघायचं ते जाणणारं, आणि बैलाच्या ओळखीचं माणूस हवं. दोन आठवडे राहशील?

ती हो म्हणाली. मी तिला तिथून काढून न्यायला गेले होते. मी गेलेच नसते तर ती चार दिवसांनी सुटली असती. आता चौदा दिवस, दिवसातून दोनदा, ती त्याच वाटेनं त्याच बैलाच्या मागून चालणार होती.

ते दोन आठवडे मी कसे काढले ते माझं मला माहीत. सकाळी सात आणि संध्याकाळी चार, मेसेज यायचा. नुसता आकडा. ३८.४. ३८.६. फार्मसीत फोन आत न्यायला बंदी, म्हणून मी कुणाला तरी चहाची सोबत लागते असं सांगून बाहेर जायची. आकडा आला म्हणजे बैल बरा, हे नंतर. आकडा आला म्हणजे ती पिंजऱ्याच्या वाटेतून बाहेर आलेली आहे, हे आधी. नवव्या दिवशी सकाळी ३९.५ आला. आता ते बंदुका घेऊन येतील, आणि त्याच्या डोक्याशी माझी मुलगी उभी राहील, असं डोळ्यांसमोर आलं. दुपारपर्यंत मी दोन वेळा एकच औषध मोजलं. एक वाजता दुसरा मेसेज आला. शेजारच्या माजावर आलेल्या गाईच्या वासानं पेटला होता, धावपळ करून तापला होता. पुन्हा बघितलं, ३८.७. चार वाजता ३८.५.

पंधराव्या दिवशी मी तिला आणायला गेले. आत गेले नाही, गेटबाहेरच गाडी उभी केली. म्हातारा तिला सोडायला गेटपर्यंत आला. मी खाली उतरून पुन्हा माफी मागितली. तो बुटांकडे बघत म्हणाला, सांगितलंत, ते बरं केलंत. माझ्या हातात हात दिला नाही. मला त्याचं काही वाटलं नाही. स्कॉटलंडच्या लोकांनी तोवर दुसरा वळू घेतला होता. लेकीसाठी मात्र त्यानं चांगलं लिहून दिलं होतं, आणि प्रॅक्टिसनं तिला जागा देऊ केली होती.

उतारावरून गाडी खाली येत होती. लेकीच्या अंगाला शेडचा वास येत होता, हातांवर ओरखडे होते, आणि ती इतकी दमली होती की पट्टा लावतानाच तिचे डोळे मिटत होते. मी घरून सगळं पाठ करून आले होते. बाबांचा हात, शहरातला दवाखाना, माझं वय, एकुलती एक. तेच सुरू करायला म्हणून विचारलं, “त्या दिवशी वाटेत तो मागे यायला लागला, तेव्हा तुला भीती नाही वाटली?”

“वाटली ना. पण त्याच्या आधी जास्त वाटली.”

“आधी कधी?”

“लंचला.” ती खिडकीबाहेर बघत होती. “मी बघितलं होतं, आई. तू त्याला खायला देताना. मी परत येत होते, दारातून दिसलं. तुपाचं माहीत नव्हतं मला, पण देताना बघितलं.”

माझा पाय आपोआप ब्रेकवर गेला. मागून हॉर्न वाजला.

“मग तू बोलली का नाहीस?”

“मला वाटलं, तू सांगशील. मग तू सांगेचना. ते कळपाचं सगळं सांगत होते आणि तू गप्प. मला पाव गिळता येईना. मी ठरवलं होतं, सूप संपेपर्यंत थांबायचं, मग मीच सांगणार. आणि मी सांगितल्यावर तू नाही म्हणाली असतीस तर? मला त्यांच्यासमोर म्हणावं लागलं असतं की माझी आई खोटं बोलते. बैलाची एवढी नाही वाटली गं. तुझी वाटली.”

पुढे रस्त्याकडेला थोडी जागा होती, तिथे गाडी घेतली आणि इंजिन बंद केलं. मला रडू येत होतं आणि रडायचा मला हक्क आहे असं वाटत नव्हतं. ती माझ्या पाठीमागे नव्हे, माझ्यासमोर बोलली असती, आणि मग त्या बैलाच्या तोंडात हात घालायला गेली असती. हे सगळं तिनं पाव कुसकरता कुसकरता ठरवलेलं होतं. तेवीस वर्षांची पोर. आणि मी तिला ससे बघायला नेणार होते.

भीती गेली नाही. ती आत्ता लिहितानाही आहे. पण पाठ केलेलं बोलायला तोंड उरलं नव्हतं.

“प्रॅक्टिसवाल्यांना नोकरीला हो म्हणून कळवलंस का?” मी विचारलं.

“नाही अजून. तुला सांगून कळवणार होते.”

“कळव मग,” मी म्हटलं, आणि तिचा फोन बॅगेतून काढून तिच्या हातात दिला.